चार बोटं लाकूड

बंदूक उघडली तर घर राहणार होतं, नाही उघडली तर जाणार होतं. इतकं सरळ होतं ते. पण आमच्या घरात सरळ गोष्टीला कुणी सरळ हात लावेल तर शपथ.

आधी बंदूक कुणाची ते सांगते. माझ्या मुलाची. त्याला सगळे लांब्या म्हणायचे, मीसुद्धा. घरात येताना दरवेळी चौकटीवर डोकं आपटायचा. कपाळाला टेंगूळ घेऊनच जेवायला बसायचा. शेवटी मी वरच्या लाकडावर गोणपाटाची जाड घडी करून खिळ्यांनी ठोकली. उंची त्याने माझ्याकडून घेतली होती. त्याचा बाप माझ्या कानाला लागतो. लग्नातही कानालाच लागत होता, आणि लोक तोंडावर हात धरून हसले होते. लांब्याने तर आणखी कमाल केली. बायको आणली ती त्याच्या कोपराएवढी. दोघं बांधावरून चालले की शिडी आणि स्टूल फिरायला निघालेत असं दिसायचं. मी तसं म्हटलं की सून लाजायची नाही, उलट मलाच म्हणायची, "आई, स्टूल नसेल तर शिडी टेकायची कशाला?" तोंडाची तिखट होती तेव्हा.

मोठ्या शेतावर मक्याची राखण करायची, हे आमच्या घरचं काम. नदीपलीकडच्या झाडीतून रानडुकरं येतात. खातात थोडं आणि लोळवतात फार. आधी माझा म्हातारा, म्हणजे लांब्याचा बाप, राखणीला होता. मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप तोंडापाशी नेईपर्यंत अर्धा बशीत. अशा माणसाच्या हातात बंदूक कोण देणार? मग लांब्या राखणीला लागला. बांधाच्या कडेचं हे दोन खोल्यांचं घर राखणदाराचं. राखण आमची तोवर घर आमचं.

जुनी दुनळी बंदूक पार खिळखिळी झाली तेव्हा मालकाने लांब्यासाठी नवी मागवायची ठरवली. राखणदाराच्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतं ते मागचं लाकूड, त्याच्या हाताच्या मापाने करून घ्यायची आमच्याकडे रीत आहे. कोपराच्या खोबणीपासून चाप ओढणाऱ्या बोटापर्यंत दोरी धरायची, गाठ मारायची आणि ती दोरी बंदूकवाल्याकडे पाठवायची. मुकादम दोरी न्यायला आला तेव्हा लांब्या पाण्याच्या पाळीवर होता. मी म्हटलं, "त्याला कशाला बोलवायचं? त्याच्या सगळ्या शर्टांच्या बाह्या मी माझ्या हातावर मापून शिवते." आणि माझ्याच हातावर दोरी धरून गाठ मारून दिली. आम्हा मायलेकांचा हात एका मापाचा.

बंदूक आली तेव्हा लांब्या अंथरुणात होता. छातीत पाणी झालं होतं. मोठ्या दवाखान्यातून घरी पाठवलं होतं, आणि घरी का पाठवलं ते आम्ही एकमेकांना विचारत नव्हतो. खोका त्याच्या पायापाशी उघडला. त्याने बंदूक मांडीवर घेतली, दस्त्यावरून हात फिरवला, खांद्याला लावून बघितली. "माप बरोबर आहे हं आई," म्हणाला. काडतुसं भरायला ही बंदूक मधे बिजागरीवर मोडून उघडते. मग त्याने अंगठ्याने कळ सरकवली आणि नळी खाली दाबली. उघडेना. पुन्हा दाबली. त्याच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले.

"गच्च आहे," तो म्हणाला. "नवीन आहे ना. मी उठलो की बसवतो."

"नवीन बंदूक गच्चच असते," म्हातारा घाईघाईने म्हणाला. "जुनीसुद्धा अशीच होती. ज्याची त्याच्या हातानेच बसायला हवी. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

आणि खरंच कुणी लावला नाही. म्हाताऱ्याने ती चुलीच्या भिंतीवर, खुंटीला टांगली. अंथरुणातून दिसत होती ना, म्हणून. सगळी थंडी ती तिथे धुराड्याच्या उबेला लटकत राहिली आणि लांब्या तिच्याकडे बघत पडून राहिला. तिला हात लावला असता तर लांब्या उठणार नाही असं कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून आम्ही चुलीपाशी जायचो तेसुद्धा अंग चोरून. थंडी सरायच्या आत लांब्या गेला.

मका गुडघ्याएवढा झाला तसा मुकादम आला. वाईट माणूस नाही तो. पण मालकाचं काम घेऊन आला की आवाज बदलतो त्याचा. अंगणात उभ्या उभ्याच म्हणाला, "मावशी, वाईट वाटतं बोलायला. पण कणसात दाणा भरायच्या आत राखणदार लागतो. तुमच्या घरात कोण आहे?"

म्हातारा जमिनीकडे बघत राहिला. हात मांडीखाली दाबून बसला होता.

"मी आहे," सून म्हणाली.

मुकादमाने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "बंदूक आण."

तिने स्टुलावर चढून खुंटीवरून बंदूक काढली. अंगणात त्या वेळी खुरपणीच्या बायका पाणी प्यायला आल्या होत्या. तिने कळ सरकवली, नळी दाबली. ढिम्म. पुन्हा दाबली. मग दस्ता दोन्ही गुडघ्यांत धरून ओढायला लागली, तोंड लालबुंद झालं, पाय घसरला आणि ती बंदुकीसकट मातीत बसली. बायका फिदीफिदी हसल्या. त्यातली एक म्हणाली, "दाराला अडसर लाव गं तिचा, तेवढीच कामाची."

"बाई, लोणच्याची बरणी आहे का ती?" मुकादमही हसला. मग माझा चेहरा बघून गप्प झाला. "हे बघा. मी महिनाभर थांबतो. दाणा धरायला लागला की परत येईन. उघडायची, काडतुसं भरायची, दोन बार काढायचे, परत उघडायची. जमलं तर राखण तुमची. नाही तर पलीकडच्या शेतावरचा माणूस तयार आहे. बायकापोरं घेऊन येईल तो."

तो गेला. सून मातीतून उठली, आधी बंदूक पुसली, मग स्वतःचे गुडघे.

म्हातारा म्हणाला, "बहिणीकडे जाऊ. तिची मागची खोली मोकळी आहे."

"त्या खोलीत तुमची बहीण कोंबड्या ठेवते," मी म्हटलं.

"कोंबड्या काढेल."

"आणि आपल्याला ठेवेल. वा! बढतीच म्हणायची ती!"

सून इतका वेळ दाराशी उभी होती. तिने वर बघितलं, चौकटीकडे. म्हणाली, "नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हे गोणपाट काढून टाकेल, आई. त्याला कळणारच नाही कशाला ठोकलंय."

मला एकदम भडभडून आलं. चूल पेटवायचं निमित्त करून मी आत गेले आणि धुराच्या नावाने रडून घेतलं. मग बाहेर येऊन म्हाताऱ्यापुढे उभी राहिले.

"अहो, तुम्हाला बंदुकीतलं सगळं कळतं ना? मग ती का उघडत नाही ते बघा."

"ती त्याची आहे."

"तो नाहीये."

"मी हात लावणार नाही म्हणजे नाही," म्हातारा म्हणाला, आणि उठून कुंपणाकडे गेला.

पुढचे काही आठवडे म्हातारा कुंपणावरच होता. तारा ताणायच्या, खांब ठोकायचे, रिकामे डबे टांगायचे. सून दिवसभर खुरपणीला. त्याच बायकांच्या ओळीत बसायचं, त्याच हसण्यात हात चालवायचे. पाठ मोडून घरी आली की तोंड धुवायची आणि ओट्यावर बंदूक घेऊन बसायची. कळ सरकवायची, दाबायची, घामाघूम व्हायची. दोनतीनदा ताकद लावून उघडलीसुद्धा, पण उघडायला भांडण करावं लागायचं आणि मिटताना पुन्हा तेवढंच. तळहाताला फोड आले. फोड फुटले. चिंधी बांधून पुन्हा दाबायची. आतून कर्रर्र असा आवाज यायचा, आणि कुंपणावर म्हाताऱ्याची हातोडी मधेच थांबायची.

शेवटी एका संध्याकाळी त्या आवाजानेच त्याला ओढून आणलं.

"मोडशील ती!" तो ओरडला. "आण इकडे. कर्रर्र वाजतंय ते ऐकू येत नाही? काय लोहाराची लेक आहेस काय तू?"

सुनेने बंदूक पुढे केली. त्याने घेतली. नळ्यांत काडतूस नाही ना ते आधी बघितलं. इतकी वर्षं झाली, पण हात लावल्यावर पहिलं तेच. मग नळीखालचं पुढचं लाकूड सोडवलं, बंदूक मोडून नळ्या बिजागरीवरून उचलल्या आणि सगळे भाग ओट्यावर ओळीने मांडले. हात थरथरत होता, पण कुठे काय दाबायचं ते त्याला बघावं लागत नव्हतं. बिजागरीत बोट घालून त्याने आत साचलेलं काहीतरी खरवडून बाहेर काढलं, अंगठ्यावर चोळलं. पिवळट, चिकट डिंक झाला होता त्याचा.

"हे कारखान्यातलं ग्रीस," तो म्हणाला. "गंज धरू नये म्हणून थापून पाठवतात. बंदूक आल्या आल्या धुवून काढायचं असतं. चुलीच्या उबेला सुकून डिंक झालाय."

चुलीच्या भिंतीवर कुणी टांगली होती, का टांगली होती आणि इतके महिने का धुतली नव्हती, ते तिघांनाही माहीत होतं. सून उठली आणि रॉकेलची बाटली घेऊन आली.

"चिंधी?" म्हातारा म्हणाला.

मी लांब्याचा जुना बनियन दिला. दुसरी चिंधी घरात नव्हती असं नाही.

रॉकेलमध्ये भिजवून, काडीला चिंधी गुंडाळून तिने सगळ्या खाचा पुसल्या. म्हातारा बाजूला बसून सांगत होता, "तिथे नाही, आत. कोपऱ्यात. हां. पुन्हा." बनियन पिवळा झाला, मग काळा झाला. सगळं कोरडं करून तेलाचा थेंब थेंब दिला, बंदूक जोडली. सुनेने दाबली. कर्रर्र गेलं होतं. पण गच्चपणा होताच, थोडा कमी.

"शेवटी शेवटी जड लागेल," म्हातारा म्हणाला. "नळी खाली गेली की आतले घोडे चढतात, त्याचा जोर लागणारच. पण हिला तर सुरुवातीलाच लागतोय. कुठेतरी घासतंय."

"कानस लावू?" मी विचारलं.

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पोराचं नाक कापू का विचारलंय. "कानस लावली की संपलं. सैल झालेली बंदूक परत घट्ट होत नाही. आधी कुठे घासतंय ते बघायचं. दिवा लाव."

दिव्याची वात मोठी करून त्याने बिजागरी आणि पुढच्या लाकडाची लोखंडी खोबण ज्योतीवर धरली. ज्योतीची काजळी लोखंडावर चढली, सगळं काळं मखमली झालं. मग हळूच जोडून सुनेला म्हणाला, "उघड-मीट कर. थोडंच." तिने केलं. पुन्हा सुटं करून दिव्यापाशी धरलं. सगळीकडे काळं, आणि खोबणीच्या एका कडेला नखाएवढा भाग लख्ख चमकत होता. तिथली काजळी पुसली गेली होती.

"हा बघ चोर," म्हातारा म्हणाला. लांब्या गेल्यापासून त्याच्या आवाजात असा जीव मी ऐकला नव्हता. स्वतःच्याच आवाजाने तो दचकला बहुतेक, कारण लगेच बनियनने हात पुसायला लागला.

बारीक पॉलिशकागद तेलात बुडवून त्या नखाएवढ्या जागेवर फिरवायचा होता. म्हाताऱ्याने प्रयत्न केला. हात भलतीकडेच जायला लागला. त्याने कागद सुनेच्या हातात दिला. "तू कर. जोर नको. बाळाचं तोंड पुसतात तसं." ती करत राहिली. थोडं घासायचं, पुसायचं, काजळी धरायची, जोडायचं, उघडायचं, सोडवायचं, बघायचं. त्यात आणखी दोनतीन संध्याकाळी गेल्या. दिवसा खुरपणी, संध्याकाळी काजळी. सुनेच्या नखांत काळं जाऊन बसलं ते काही निघेना. चमकणारी जागा पसरट होत गेली, फिकी होत गेली, आणि एक दिवस काजळी सगळीकडे सारखीच पुसली गेली.

"झालं," म्हातारा म्हणाला. त्याने बंदूक जोडली, दस्ता मांडीला टेकवला आणि थरथरत्या हाताने नळी दाबली. खाली गेली. घोडे चढले, टक् टक्. त्याने मिटली आणि सुनेला दिली.

सुनेने दस्ता काखेत धरला, कळ सरकवली, दाबली. अर्ध्यात अडकली. दात खाऊन दाबली तेव्हा उघडली. पुन्हा केली, पुन्हा तेच. म्हाताऱ्याचं तोंड उतरलं.

"काय गं, जेवतेस ना?" तो वैतागून म्हणाला. "माझ्या लुळ्या हाताने उघडते, तुला नाही? मग दोष बंदुकीचा नाही."

सुनेचे डोळे भरले. दिवसभर खुरपं चालवून दोन पाट्या गवत डोक्यावरून आणणारी बाई ती. मला असा राग आला म्हाताऱ्याचा. "द्या इकडे," म्हटलं, "बघू तुमचं हे रत्न," आणि हिसकावून घेतली. लांब्या धरायचा तसा दस्ता काखेत घेतला, डावा हात पुढे नळीवर टाकला आणि दाबली. खट्! लोण्यातून सुरी गेल्यासारखी उघडली.

तिघंही बघत राहिलो.

"मग तूच कर राखण," म्हातारा म्हणाला.

"मला रानडुक्कर आणि मुकादम सारखेच दिसतात लांबून. गोळी भलत्यालाच लागेल," मी म्हटलं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सून हसली, नाकातून, रडता रडता. पण माझं बोलणं तोंडातच होतं आणि माझं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे गेलं. तो नळीवर पार पुढे पोचला होता. सुनेला म्हटलं, "तू धर पुन्हा." तिने धरली. तिचा हात बिजागरीपासून जेमतेम वीतभर पुढे. दाराला बिजागरीपाशी ढकलावं तसं झालं होतं तिचं. ताकद कितीही असो, दार हलायचं कसं? तिने हात पुढे न्यायचा म्हटला तर दस्ता काखेतून निसटत होता. बंदूक आता मोकळी होती. लांब होती फक्त.

"दस्ता," मी म्हटलं. "दस्ता मोठा आहे तिला."

म्हाताऱ्याला ते माझ्या आधीच कळलं होतं असं त्याच्या तोंडावरून दिसलं. तो उठला.

"कापायचा नाही," तो म्हणाला.

"अहो, पण..."

"त्याच्या मापाचा आहे तो. त्याने खांद्याला लावून बघितलाय. माप बरोबर आहे म्हणाला होता. ऐकलंस ना तूही?" त्याचा आवाज फाटला. "त्याचे शर्ट तू वाटून टाकलेस. खाट धुतलीस. एवढं एक राहिलंय त्याच्या मापाचं घरात. त्याला करवत लावायची? मी नाही लावणार, आणि कुणाला लावू देणार नाही."

तो कुंपणाकडे निघून गेला. अंधार पडेपर्यंत एकाच खांबाशी उभा होता.

सुनेने एका शब्दाने म्हटलं नाही की कापा. ती त्याच लांब दस्त्याशी झगडत राहिली. कधी पोटावर टेकवून, कधी मांडीवर. मुकादम येणार त्याच्या आदल्या दिवशी नळी मिटताना तिच्या तळहाताची कातडी फटीत चिमटली. रक्ताची गाठ आली, काळीनिळी. ती ओरडली नाही. ओट्यावर बसून हातावर फुंकर घालत राहिली आणि म्हणाली, "आई, उद्या नाही उघडली तर तुम्ही दोघं जा आत्याबाईंकडे. मी इथेच खुरपणीला राहीन. बायका एका कोठीत झोपतात, तिथे झोपेन. निदान घर दिसेल मला."

हे म्हातारा ऐकत होता. दारामागे उभा होता, मला त्याच्या चपला दिसत होत्या.

मी दोरी घेतली. "हात दे," म्हटलं. तिच्या कोपराच्या खोबणीपासून बोटापर्यंत दोरी धरली आणि गाठ मारली. मग ती दोरी दस्त्यावर ठेवली. टोकाकडे लाकूड उरलं ते बोटं ठेवून बघितलं. बरोबर चार बोटं. मी खिळ्याने रेघ मारली. रेघ मारताना मला वाटलं, मी त्याच्याच हातावर मारतेय. पण मारली. रडायला नंतर सगळा जन्म पडला होता.

करवत शोधायला उठले तर ती म्हाताऱ्याच्या हातात होती.

"तुम्ही वाकडं कापाल," तो म्हणाला.

त्याने टोकाची लोखंडी पट्टी स्क्रू काढून वेगळी केली. दस्ता पायरीवर ठेवला, गुडघ्याने दाबला. करवत रेघेवर ठेवली. ती नाचायला लागली, रेघेच्या अलीकडे पलीकडे. त्याने डाव्या हाताने उजवा धरला, तरी नाचतच होती. तेव्हा सून पुढे झाली आणि तिने तिचा चिंधी बांधलेला हात त्याच्या हातावर ठेवला. सासऱ्याच्या हाताला तिने कधी हात लावला नव्हता. दोघांनी मिळून करवत ओढली. भुसा पायरीवर पडत होता. ताज्या लाकडाचा वास आला, गोडसर. म्हाताऱ्याच्या नाकावरून पाणी टपकून भुशात पडत होतं आणि तो पुसत नव्हता. शेवटी तुकडा सुटला आणि पायरीवरून खाली गेला. तो उचलायला म्हातारा वाकला, त्याच्या आधी मी उचलला आणि माझ्या कमरेच्या पिशवीत टाकला.

पट्टी परत बसवली. सुनेने बंदूक काखेत घेतली, हात टाकला. आता तिचा हात पुढे पोचत होता. खट्. टक् टक्. मिटली. खट्. तिने ती इतक्यांदा उघडली की शेवटी मीच म्हटलं, "पुरे गं, उद्यासाठी काही ठेव."

दुसऱ्या दिवशी मुकादम आला. खुरपणीच्या बायका मुद्दाम पाणी प्यायला आल्या. सुनेने बंदूक उघडली, दोन काडतुसं घातली, मिटली. बांधावर डबा ठेवला होता. पहिला बार हुकला, माती उडाली. तिचा खांदा मागे गेला, पण पाय हलले नाहीत. दुसऱ्या बाराने डबा उडाला. तिने उघडली, रिकामी काडतुसं उडी मारून तिच्या पायाशी पडली. बायका एकेक करून खुरपणीला परतल्या. मुकादमाने दस्त्याच्या टोकावरचं ताजं लाकूड बघितलं, मग म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि टोपी काढून पुन्हा घातली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आजपासूनच बस." आणि जाता जाता चौकटीतून आत वाकून बघत म्हणाला, "घर नीट ठेवलंय तुम्ही." वाकायची त्याला काही गरज नव्हती, तो बुटकाच आहे. पण गोणपाट बघून वाकला असावा.

दिवस मावळताना सून राखणीला निघाली. लांब्याचा कोट घातला होता, मी शर्ट वाटले तेव्हा तिने लपवून ठेवलेला, बाह्या दुमडून दुमडून. राखणीच्या उंच माळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर मका तिच्या डोक्याच्याही वर गेला होता, त्यामुळे थोड्याच वेळात ती दिसेनाशी झाली, नुसती नळीची टोकं मक्यावरून जाताहेत असं म्हातारा म्हणाला. लांब्या जायचा तेव्हा शेवटपर्यंत डोकं दिसायचं.

मी चुलीपाशी आले. घर राहिलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झाला होता राग. कुणाचा ते कळत नव्हतं. समोर म्हातारा होता म्हणून त्याचा.

तो दारात उभा राहिला. मग म्हणाला, "तो तुकडा कुठे ठेवलास?"

"चुलीत घातला," मी म्हटलं. "काय करायचंय आता त्याचं? चहा झाला त्याच्यावर. आत्ता प्यालात तोच."

मला वाटलं ओरडेल, भांडेल, करवतीचं काढेल, मग मीही काढीन आणि दोघांनाही बरं वाटेल. पण तो हळूहळू चुलीपाशी आला, खाली बसला आणि त्याने उजवा हात राखेत घातला. निखारे होते अजून खाली. थरथरणाऱ्या बोटांनी तो राख चाचपायला लागला, कडेकडेने, मग आत आत, हाताला काही लागतंय का बघत.

"अहो!" मी त्याचं मनगट धरलं. "अहो, काय करताय! भाजेल!"

"एवढं जळत नाही लगेच," तो म्हणाला. "चांगलं घट्ट लाकूड होतं. थोडं तरी राहिलं असेल."

मी त्याचा हात बाहेर ओढला. बोटांची टोकं लाल झाली होती. पिशवीतून तो तुकडा काढला आणि राखेने भरलेल्या त्या हातावर ठेवला.

"हा घ्या," मी म्हटलं. "हा घ्या तुमचा लांब्या."

त्याने तो दोन्ही हातांत धरला. मग त्याची चार बोटं एकामागून एक त्या लाकडावर ठेवून बघितली, माप बरोबर आहे का म्हणून.